‘डोपामिनची टाकी’ आणि आळशीपणाचा शिक्का

सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सार असं: मेंदूतलं डोपामिन हे आनंदाचं रसायन, मोबाइलमुळे ते संपतं, एक दिवस सगळं बंद ठेवलं की टाकी पुन्हा भरते, आणि तरीही जो हलत नाही तो निव्वळ आळशी. आमच्या पाचपाखाडीच्या ग्रुपवर त्याला भराभर अंगठे मिळाले. त्यातल्या शेवटच्या वाक्यापायी आजारी माणसं घरच्यांची बोलणी खातात, म्हणून हे लिहितेय.

आधी ते ‘आनंदाचं रसायन’. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये डोपामिन जवळजवळ नाहीसं केलेल्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. हे उंदीर समोरच्या अन्नाला तोंड लावत नसत, त्यांना नळीने भरवावं लागे. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच ओठ चाटत. गोडी शाबूत होती, तिच्याकडे जाण्याची ओढ गेली होती. संशोधक जॉन सॅलमोन यांच्या प्रयोगांत तर डोपामिन घटलेले उंदीर आडवी भिंत चढून भरपूर खाऊ मिळवण्याऐवजी सोप्या वाटेवरच्या थोडक्या खाऊवर भागवत. भिंत काढली, की पुन्हा भरपूर खाऊकडेच वळत. म्हणजे हवंसं वाटतं, कष्ट मात्र झेपेनासे होतात.

मोबाइलने डोपामिन संपत नाही. पेशी ते सतत बनवत असतात. मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांमध्ये दाखवलं, की अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर या पेशी जोरात पेटतात, अपेक्षेइतकंच मिळालं तर फारशा नाही. पुढच्या रीलमध्ये काय निघेल हे ठाऊक नसतं, बोट थांबत नाही त्याचं हेही एक कारण असावं.

टाकीच नाही, तर उपासाने भरणार काय? ‘डोपामिन फास्टिंग’ २०१९मध्ये गाजवणारे मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा यांनीही हे नाव शब्दशः घेऊ नका असं सांगितलंय. मोबाइल जरूर बाजूला ठेवा, निदान झोप तरी होईल.

डोपामिन खरोखर घटतं ते पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारात. माझे मामा एकेकाळी रोज पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारायचे. आता चहा हातात दिला तर चवीने पितात, ‘आज आलं जास्त पडलंय’ असंही सांगतात. तोच कप टीपॉयवर ठेवला तर साय धरेपर्यंत तसाच. ‘अहो, हात तेवढा पुढे करा ना!’ मामी कावून म्हणायची. मामा दुःखी नव्हते, रडत नव्हते. सुरुवात करणंच जमत नव्हतं. डॉक्टर याला ‘ॲपथी’ म्हणतात. पार्किन्सन्समध्ये ती बरीच आढळते. नैराश्याबरोबर येते तशी नैराश्याशिवायही येते.

आणि डोपामिनचं काम वाढवलं की सगळं सुखाचं, असंही नाही. पार्किन्सन्सवरच्या प्रॅमिपेक्सोलसारख्या औषधांनी काही रुग्णांना जुगाराची, बेसुमार खरेदीची अनावर ओढ लागते. असं दिसलं तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, ते औषध किंवा डोस बदलतात. गोळी मनाने एकदम बंद करू नका. तपासणीला जाताना हात किती थरथरतो एवढंच नको. माणूस स्वतःहून काय काय करेनासा झालाय, तेही कागदावर लिहून न्या. रुग्ण ते आपणहून सांगेलच असं नाही.