ऑगस्टचं पोरगं

2025 च्या 14 डिसेंबरला मेस्सी वानखेडेवर येऊन गेला आणि आमच्या शाळेच्या ग्रुपला ताप चढला. आदल्या दिवशी कोलकात्यात लोकांनी खुर्च्या मोडल्या होत्या. त्यामानाने मुंबईत सगळं नीट पार पडलं म्हणून आधी जरा मिशीला पीळ देऊन झाला. मग गाडी 'प्रोजेक्ट महादेवा'वर आली. राज्य सरकार 13 वर्षांखालची मुलंमुली निवडून त्यांना फुटबॉलसाठी घडवणार, असा तो प्रकल्प. आमचा एक मित्र कोल्हापुरात शिवाजी पेठेत अजूनही एका तालमीच्या फुटबॉल संघाचं बघतो. दोन दिवसांनी त्याने रात्री बाराला भलामोठा मजकूर टाकला. बार्सिलोनाने मेस्सीला तेराव्या वर्षी उचललं, तेसुद्धा 14 डिसेंबरलाच, 2000 साली, हाताशी कागद नव्हता म्हणून नॅपकिनवर लिहून. इंग्लंडात तर आठव्या वर्षी उचलतात. आणि आपल्याकडे पोरगं तेराचं झालं की आईबाप त्याचे बूट माळ्यावर टाकतात आणि क्लास लावतात. म्हणून आपण मागं. शेवटी, "हवं तर ह्याला विचारा, ह्याचं पोरगं तिथंच हाय," असं म्हणून मला टॅग केलं.

इथे इंग्लंडात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. मी थ्रीजीच्या, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानाच्या, पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो, पोरगं आत ट्रेनिंगला. वायपर चालू. मला भयंकर राग आला आणि मी तिथेच बसून उत्तर लिहायला घेतलं. ते ग्रुपवर मावलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी नॅपकिनचं. तो किस्सा सगळ्यांना पाठ आहे. टेनिस क्लबात बसून बार्सिलोनाच्या कार्लेस रेक्झाकने दोन ओळी खरडल्या आणि 2024 मध्ये तो नॅपकिन लिलावात साडेसात लाख पौंडांच्या वर गेला. पण त्याच्या पुढच्याच वर्षी, 2001 मध्ये, फिफाने 18 वर्षांखालच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरवर बंधनं आणली, हे कुणी सांगत नाही. आज मूळ नियम असा की अठराच्या आत देश बदलून क्लब बदलता येत नाही. आईबाप फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने स्थलांतरित झाले असतील तर चालतं, युरोपच्या आतल्या आत सोळानंतर चालतं, सीमेलगत राहणाऱ्यांना थोडी सूट आहे. हे नियम मोडल्याबद्दल 2014 मध्ये खुद्द बार्सिलोनावर दोन ट्रान्सफर विंडोंची बंदी आली. पुढे रिअल माद्रिद, अ‍ॅटलेटिको आणि चेल्सीही त्याच कारणाने अडकले. आणि ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, इंग्लंडच्या क्लबांना अठराखालचा खेळाडू परदेशातून आणताच येत नाही. म्हणजे पेठेतलं तेरा वर्षांचं पोरगं कितीही भारी असलं तरी मँचेस्टरचा क्लब त्याला नेऊ शकत नाही. त्याच्या आईला शिव्या घालून काय उपयोग? दाराला कडी बाहेरून आहे.

दुसरी गोष्ट, हा 'अकॅडमी' शब्द. पुण्यामुंबईत अकॅडमी म्हणजे आपण महिन्याला फी भरतो ती जागा. नाव युरोपातल्या क्लबाचं, पावती आपल्या नावाची. इथे अकॅडमीत खर्च क्लब करतो, म्हणून हिशेबही क्लबच ठेवतो. 2012 पासून प्रीमियर लीगची जी व्यवस्था चालू आहे, ईपीपीपी म्हणतात तिला, त्यात पोरांचे दर बांधून दिले. सुरुवातीला ठरले ते असे: अंडर-9 ते अंडर-11 गटांतल्या मुलाला दुसऱ्या क्लबाने नेलं, तर त्याने पहिल्या क्लबात काढलेल्या दर वर्षामागे 3,000 पौंड. त्यापुढच्या वयाला, अकॅडमी कुठल्या कॅटेगरीची आहे त्यावर, वर्षाला 12,500 ते 40,000. माझी दहा वर्षं वापरलेली फोर्ड फोकस पोराच्या एका वर्षापेक्षा महाग गेली.

ब्रेंटफर्डने तर 2016 मध्ये वैतागून अकॅडमीच बंद केली. पोरं आपण घडवायची आणि मोठ्यांनी चिल्लर टाकून न्यायची, हा धंदा त्यांना परवडेना. त्यांनी बी संघ काढला आणि इतरांनी सोडून दिलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं गोळा केली. 2021 मध्ये ते प्रीमियर लीगमध्ये होते. नंतर अकॅडमी पुन्हा उघडली, ते सोडा. आठव्या वर्षी पोरं न उचलताही वर जाता येतं, एवढंच मला म्हणायचंय. (हे उदाहरण मी वेचून काढलंय, मान्य. समोरच्या बाजूला मार्कस रॅशफर्ड आहे, सातव्या वर्षी युनायटेडमध्ये गेलेला. पण त्याची वकिली करायला ग्रुपवर चिक्कार लोक आहेत.)

आणि आपल्याकडचे आईबाप काय बघून पोरगं क्लबाच्या हवाली करणार? पुण्याचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लब 2019 मध्ये गुंडाळला गेला, ती जागा हैदराबादने घेतली. 2025 च्या जुलैत तर पुढचा हंगाम होणार की नाही याचाच पत्ता नव्हता, लीग चालवणाऱ्यांनी क्लबांना थांबायला सांगितलं होतं. जिथे क्लबालाच पुढच्या वर्षाची खात्री नाही, तिथे क्लास लावणारी आई मूर्ख कशी? कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून खेळला, हे मित्राने अपेक्षेप्रमाणे तोंडावर फेकलंच. खेळला, अभिमान आहे. पण एका अनिकेतच्या नावावर शंभर आयांना किती दिवस झापणार?

आता ऑगस्टबद्दल. इथे वयोगट 1 सप्टेंबरपासून मोजतात. सप्टेंबरात जन्मलेलं आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेलं पोरगं एकाच गटात. आठव्या वर्षी अकरा महिने म्हणजे काय, ते दोघांना शेजारी उभं करून बघावं: एकाच्या खांद्याला दुसऱ्याचं डोकं. अकॅडम्यांमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरची पोरं जास्त आणि जुलै-ऑगस्टची कमी, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर संशोधन झालंय, काही ठिकाणी जन्मतारखेऐवजी शरीराची वाढ बघून गट पाडतात. तरी रविवारी सकाळी चिखलात उभ्या स्काउटची मान वळते ती बहुधा थोराड पोराकडेच. आपल्याकडचा उपाय सोपा: जन्मदाखलाच दोन वर्षं पुढे सरकवायचा. म्हणून तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघावं लागतं. मी ग्रुपवर हा टोमणा मारला. मित्राचं उत्तर आलं, "लेका, तुमच्यात खोटं बोलायला लागत न्हाई, तुमचं कॅलेंडरच बोलतंय." शाळेत हा निबंधात काठावर पास व्हायचा.

माझं पोरगं ऑगस्टचं आहे, शेवटच्या आठवड्यातलं.

तरीही ते निवडलं गेलं, हे आधी सांगायला हवं होतं. सात वर्षांचं असताना सामना संपल्यावर, जाकिटावर क्लबाचं चिन्ह असलेला एक माणूस माझ्याकडे आला. त्याने नाव विचारलं, माझं. मग हसून माझ्या आणि बायकोच्या उंचीची चौकशी केली. तेव्हा मला ती आपुलकी वाटली. आधी डेव्हलपमेंट सेंटर, मग ट्रायल, मग अंडर-9 ला सही. ट्रॅकसूटमधला फोटो मीच ग्रुपवर टाकला. आबांनी तो मोठा करून घरी बाहेरच्या खोलीत लावला, येणाऱ्याला दिसेल असा. त्यानंतर चार वर्षं आठवड्यातल्या तीन संध्याकाळी एम साठ हा मँचेस्टरभोवतीचा मोटरवे, मागच्या सीटवर त्याचं जेवण आणि सॅट्सचा, म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेच्या परीक्षेचा, अभ्यास. मित्रांच्या रविवारच्या संघातून खेळायची परवानगी नव्हती. बर्थडे पार्ट्या तर आम्ही मोजणंच सोडलं.

गेल्या मे महिन्यात दहा मिनिटांची मीटिंग झाली. कोच चांगला माणूस, आवाज खाली ठेवून बोलत होता. 'फिजिकली' हा शब्द चार वेळा आला. सगळं ऐकून पोरगं उठलं, हात पुढे केला आणि म्हणालं, "थँक यू." अकरा वर्षांचं पोरगं, काढून टाकणाऱ्याचे आभार मानत होतं. शिकवण आमचीच.

बाहेर एका बापाने मला हॅरी केनची गोष्ट सांगितली. आर्सेनलने केनला आठव्या वर्षी सोडलं होतं. दुसऱ्याने जेमी वार्डीची. त्याला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी घरी पाठवलं, चण लहान म्हणून. रिलीज झालेल्या पोराच्या बापाला इथे या दोन गोष्टी सांगायची रीत आहे. आपल्याकडे दहावीत आपटलेल्याला 'सचिन कुठं कॉलेजात गेला होता' म्हणतात तशी. अंडर-9 ला त्याच्या गटात चौदा होते. आता चार उरलेत. बाकीच्या बापांना कोल्हापूरचा ग्रुप नाही, हे त्यांचं नशीब.

मी तिकडे कुणालाच सांगितलेलं नाही, आबांनाही नाही. सात महिने झाले.

तालमीतून कुणाला रिलीज करत नाहीत, असं मी इथल्या लोकांना अभिमानाने सांगत असतो. खेळता येईना तर पोरगं पाण्याच्या बाटल्या नेतं, तेही नको झालं तर गॅलरीत बसून रेफ्रीचा उद्धार करतं, पण पेठेचंच राहतं. हे खरं आहे. पण आमच्या वेळच्या गोलकीपरचा गुडघा गेला तेव्हा पेठेत कुणाला फिजिओ हा शब्द माहीत नव्हता, हेही खरं आहे. तो दोन महिने लंगडला आणि विसाव्या वर्षी त्याचं फुटबॉल संपलं. आता रिक्षा चालवतो. शाहू स्टेडियमवर गेटपासून गॅलरीपर्यंत जायला त्याला अर्धा तास लागतो, इतके लोक हाक मारतात. गेल्या खेपेला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. सामना रंगात आला तेव्हा मी आमच्या संघाच्या नावाने ओरडलो, तर शेजारचं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं वळून म्हणालं, "काका, कुठलं तुम्ही?" पाटाकडील तालमीचा आहे का, या अर्थाने विचारलं असेल. मी मात्र तो प्रश्न विमानात बसेपर्यंत चघळत होतो.

2025 च्या मार्चमध्ये लेस्टरच्या अकॅडमीत वाढलेला हमजा चौधरी शिलाँगला भारताविरुद्ध बांगलादेशकडून खेळला. सामना गोलशून्य सुटला. आईकडून बांगलादेशी असल्यामुळे त्याला ते जमलं. पोराने तेव्हा विचारलं, "बाबा, मी इंडियाकडून खेळू शकतो?" नाही. भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. बर्मिंगहॅमचा भारतीय वंशाचा खेळाडू यान धांडा याच कारणाने अडला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर मुक्काम चालतो, जर्सी चालत नाही. माझा निळा भारतीय पासपोर्ट कोपरा कापलेल्या अवस्थेत ड्रॉवरमध्ये आहे. सही करून तो मीच दिला होता, कुणी उचलून नेलं नव्हतं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "गेलेल्यांच्या पोरांना कशाला घ्यायचं?" तेव्हा मी चार परिच्छेद खरडले होते. आता वाचले तर सगळे फिफाच्या नियमांबद्दल आहेत.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये हे सगळं टाइप करत असताना मित्राचा वेगळा मेसेज आला, ग्रुपबाहेर. "चिडू नको मर्दा. पोराचा एखादा व्हिडिओ टाक, आमच्या बारक्यांना दावतो." मी गाडीतून उतरून जाळीपाशी गेलो. गोलकीपर आला नव्हता, म्हणून पोरगं गोलमध्ये उभं होतं. एक बॉल त्याच्या हातातून सटकून पायांमधून गेला, सगळी पोरं खिदळत त्याच्या अंगावर पडली आणि सगळ्यांत खालून त्याचंच हसू ऐकू येत होतं. वीस सेकंदांचा तो व्हिडिओ मी पाठवून दिला.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "भारी. पण हे टी-शर्टवर काय लिवलंय? कुठला क्लब हाय हा?"

"प्लंबर आहे," मी लिहिलं. "आमच्या गल्लीतला."