‘झाडपाल्याचं औषध कशासोबतही चालतं’ : खुलासा

‘वनस्पतीजन्य औषधांना साइड इफेक्ट नसतात, चालू गोळ्यांसोबत बिनधास्त घ्या, डॉक्टरांना सांगायचीही गरज नाही,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सेंट जॉन्स वर्ट ही नैराश्यावर (डिप्रेशनवर) घेतली जाणारी वनस्पती. ती यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवते. मग गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन नेमाने घेऊनही रक्तात पुरेसं उरत नाही. गोळी तीच, डोसही तोच, परिणाम मात्र घटलेला. 2000 साली हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमध्ये याच कारणाने शरीर नवं हृदय नाकारू लागल्याची नोंद आहे.

आपलं साधंभोळं ज्येष्ठमधही जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर पोटॅशियम आणखी खाली जातं.

म्हणून वनस्पती टाकाऊ, असं अजिबात नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन वनस्पतीतूनच आलं, त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं. (गुण असतो तिथे दोषही असू शकतो, एवढंच.) वनस्पती आणि चालू गोळ्या हे दोन्ही उपचार बऱ्याचदा सोबत घेता येतात, फक्त काढे, चूर्णं, कॅप्सूल सगळं डॉक्टरांना दाखवा, शस्त्रक्रियेआधी तर नक्कीच. आणि चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.