वूड बॅगेतून काढून टाकू नका

गेले काही महिने गोल्फ खेळणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, शेवटचा तर बहिणीच्या नवऱ्याने. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: फेअरवे वूड, म्हणजे फेअरवेच्या कापलेल्या गवतावरून बॉल लांब मारायची मोठ्या डोक्याची काठी, हा ताकदवानांचा क्लब आहे, बायकांनी आणि साठीपुढच्यांनी त्याच्या नादी लागू नये. मारायचाच असेल तर बॉल ड्रायव्हरसारखा (पहिल्या फटक्याचा सर्वात लांब क्लब) डाव्या टाचेसमोर ठेवावा, जमिनीला न शिवता झाडूसारखा फिरवावा आणि बॉल वर उचलावा. रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, रोज दोनशे बॉल मारून जमला की मैदानातही जमतो. तरी नाही जमला तर नवीन मॉडेल घ्यावं किंवा सरळ हायब्रिड, म्हणजे वूड आणि आयर्न (पातळ धातूच्या डोक्याचा क्लब) यांच्या मधला क्लब, घ्यावा, कारण हायब्रिड आल्यापासून वूड कालबाह्य झालाय.

मी उत्तर देणार नव्हते. पण सप्टेंबरात एका सकाळी खारघरला आम्ही चौघी खेळत होतो. पांडवकडा धबधब्याकडून एक सर येऊन गेली होती, फेअरवे ओला होता. आमच्यातल्या एक काकू, वय ६४, निवृत्त शिक्षिका. पार चारचं होल, म्हणजे चार फटक्यांत पुरं व्हावं असं. टी-शॉट, म्हणजे पहिला फटका, छान मधोमध पडला, दीडशे यार्ड. पुढे अजून १८० यार्ड होते आणि काकूंनी बॅगेतून सात नंबरचं आयर्न काढलं.

"काकू, वूड कुठंय?"

"घरी काढून ठेवला गं. आपल्यासाठी नाही तो. आलं होतं ना मेसेजमध्ये!"

मग ऐंशी यार्ड, पुन्हा ऐंशी यार्ड आणि वर एक चिप, म्हणजे छोटा फटका. काकूंचा पाच नंबर वूड अगदीच जात नव्हता असं नाही. दहातले चार बॉल बरे जायचे, आणि बरा गेलेला बॉल सव्वाशे यार्डांवर पडायचा. त्या १८० यार्डांतून सव्वाशे गेले असते तर एका पिचने, म्हणजे आखूड पण उंच फटक्याने, ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) गाठलं असतं. एक फटका वाचला असता, आणि तोही एकाच होलवर. निनावी मेसेजपायी त्यांनी ते चारही बॉल सोडून दिले होते, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात ताकदीपासून करते, कारण या मुद्द्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. ज्याचा ड्रायव्हर अडीचशे यार्ड जातो त्याला पुढच्या फटक्याला आठ नंबरचं आयर्न पुरतं. वूड लागतो तो कमी अंतर मारणाऱ्याला, प्रत्येक पार चारवर आणि पार पाचवर तर दोनदा. ज्याची गरज सर्वात जास्त, त्यालाच 'तू लांब राहा' म्हणणं मला अन्याय वाटतो. टोकियो ऑलिम्पिक आठवा, ऑगस्ट २०२१. आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. लांब मारणाऱ्यांत तिचं नाव कधीच नव्हतं. इतर मुली जिथून आयर्न मारत होत्या, तिथून अनेकदा तिच्या हातात वूड किंवा हायब्रिड असायचा. आपल्यातले जे लोक ती स्पर्धा बघायला पहाटे उठून टीव्हीसमोर बसले होते, त्यांनी तरी 'वूड म्हणजे ताकद' हे मान्य करू नये.

मात्र या मुद्द्यात एक खरी गोष्ट दडली आहे आणि ती सांगायलाच हवी. तीन नंबर वूडचा लॉफ्ट, म्हणजे चेहरा (बॉलला लागणारी बाजू) मागे कललेला असतो तो कोन, साधारण १५ अंश असतो आणि शाफ्ट, म्हणजे दांडा, ४३ इंचांच्या आसपास. स्विंगचा वेग कमी असेल तर जमिनीवरून मारलेला हा बॉल पुरेसा चढतच नाही, चढायच्या आतच पडतो. पाच नंबरचा लॉफ्ट १८ अंशांच्या जवळ, सात नंबरचा २१ ते २२, आणि शाफ्टही थोडे आखूड. हळू स्विंगवाल्याचा सात नंबरचा बॉल तीन नंबरच्या बरोबरीने, कधी त्याच्या पुढेही जातो, कारण तो हवेत जास्त वेळ राहतो. म्हणजे 'वूड नको' हा सल्ला चूक, पण 'जमिनीवरून तीन नंबर नको, पाच किंवा सात घ्या' हा सल्ला बरोबर. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे दुपटीने खरं. ओल्या गवतावर बॉल घरंगळत नाही, जेवढा उडतो तेवढाच पुढे जातो.

आता बॉल 'उचलण्याचं'. वूड न जमण्याचं मूळ माझ्या मते इथेच आहे, त्यामुळे इथे जरा थांबते.

नियमाप्रमाणे गोल्फचा बॉल किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे जमिनीवर ठेवला की त्याचा मध्य जमिनीपासून साधारण २१ मिलिमीटरवर येतो. वूडच्या डोक्यातलं वजन मुद्दाम तळाशी ठेवलेलं असतं. क्लबचा तळ गवताला घासत गेला, तरच ते वजन बॉलच्या मध्याच्या खाली पोचतं आणि बॉल चढतो. तुम्ही उचलायला गेलात की काय होतं? अंगाचं वजन उजव्या पायावर राहतं, उजवा खांदा खाली पडतो आणि स्विंगचा सर्वात खालचा बिंदू बॉलच्या मागे सरकतो. मग क्लब एकतर बॉलच्या आधी जमिनीत रुततो, तो झाला फॅट. नाहीतर तिथून वर निघालेली क्लबची कड बॉलच्या पोटावर किंवा डोक्यावर बसते, तो झाला टॉप. बॉल वीस यार्ड सरपटतो, आपल्याला वाटतं उचलायला कमी पडलो, आणि पुढच्या वेळी आणखी जोराने उचलायला जातो. हे चक्र मी दोन वर्षं जगले आहे.

ट्रॅकमन या फटका मोजणाऱ्या रडार यंत्राच्या काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या सरासऱ्या बघा. पीजीए टूर या व्यावसायिक मालिकेतले पुरुष तीन नंबर वूड सरासरी २.९ अंश खालच्या दिशेने मारत होते, पाच नंबर ३.३ अंश. एलपीजीए या बायकांच्या मालिकेतल्या खेळाडू तीन नंबर ०.९, पाच नंबर १.८ आणि सात नंबर ३ अंश खाली मारत होत्या. ड्रायव्हर मात्र त्याच बायका ३ अंश वरच्या दिशेने मारत होत्या, कारण तिथे बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो. जमिनीवरचा वूड वरच्या दिशेने मारण्याची सरासरी या दोन्ही यादींत नाही. आणि हे आकडे लहान आहेत हेही लक्षात घ्या. कुऱ्हाड घालायची नाही, नुसतं जरासं खाली जात गवत घासायचं.

झाडूचा दाखला मला मान्य आहे, वूडचा स्विंग आयर्नपेक्षा सपाट असतोच. पण झाडू जमिनीला टेकतो! अंगणात केरसुणी फिरवताना ती चार बोटं वर धरून कोणी केर काढलाय का? 'जमिनीला न शिवता' हे तीन शब्द त्या मेसेजमधून काढून टाकले असते तर निम्मं नुकसान टळलं असतं.

मला हे शब्दांनी नाही कळलं. बॅग उचलणाऱ्या एका कॅडी मामांनी दाखवलं तेव्हा कळलं. मी सलग चौथा बॉल टॉप केला होता. मामांनी माझ्या हातातून पाच नंबर वूड घेतला, बॉलच्या मागे जमिनीवर सपाट टेकवला आणि म्हणाले, "ताई, खाली बसा आणि बाजूने बघा." मी उकिडवी बसले. क्लबचा चेहरा मागे कललेला होता, त्याची खालची कड बॉलखालच्या गवतात शिरलेली. "ही फळी आधीच वर बघतेय. तुम्ही कशाला वर बघता?" मग त्यांनी बॉल खिशात टाकला आणि नुसतं गवत घासायला लावलं. ते माझ्याकडे बघतही नव्हते, पाठ करून ऐकत होते. 'खस्स' असा छोटा आवाज आला की मान हलवायचे. धप्प आवाज आला किंवा काहीच आवाज आला नाही की म्हणायचे, "परत." एकाच जागी सलग दहा वेळा 'खस्स' झालं तेव्हा त्यांनी बॉल बाहेर काढला. तो बॉल कुठे गेला ते मला आठवत नाही, पण आवाज अजून कानात आहे. आजही वूड हातात घेतला की आधी दोनदा गवत घासते, आणि घासलेली जागा बॉलच्या जागी किंवा बोटभर पुढे आली की मगच मारते.

डाव्या टाचेचं पटकन सांगून टाकते. ती जागा टीवरच्या ड्रायव्हरची. जमिनीवरच्या वूडला बॉल तिथून एक ते दीड बॉलभर आत, म्हणजे छातीच्या मध्याकडे घ्या. खूप पुढे ठेवला की क्लब तिथे पोचेपर्यंत वर निघालेला असतो आणि पुन्हा टॉप. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

रेंजच्या मुद्द्यावर माझा राग आहे, आणि तो मेसेजपेक्षा आपल्या शहराच्या अडचणीतून आलाय. मुंबईत जागा नाही. गवतावरून सराव करायला मिळणं हे बहुतेकांच्या नशिबी नाही, आपण चटईवरून मारतो. आणि चटई खोटं बोलते. बॉलच्या दोन इंच मागे क्लब टेकला तरी चटईवर तो घसरत पुढे जातो आणि बॉलला बऱ्यापैकी लागतो. आवाज बरा, बॉल हवेत, आपण खूश. तोच स्विंग जुलैत ओल्या फेअरवेवर केला की क्लब चिखलात थांबतो. असे दोनशे बॉल रोज मारले तर तीच चूक दोनशे वेळा पक्की होते.

चटईवरही खरं बोलायला लावता येतं. तिच्यावर खडूने आडवी रेघ मारा आणि बॉल रेघेच्या किंचित पुढे ठेवा. फटक्यानंतर रेघेच्या मागचा भाग घासलेला दिसला तर तो फटका मैदानात फॅट ठरला असता, मग तो हवेत कितीही छान गेलेला असो. दुसरं, हातरुमालाची घडी बॉलच्या वीतभर मागे ठेवा. क्लब रुमालाला लागला की उत्तर मिळालं. तिसरं मला सगळ्यात आवडतं. क्लबच्या चेहऱ्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. बॉलचा गोल ठसा उमटतो. क्लबच्या टाचेकडे, म्हणजे शाफ्टकडच्या बाजूला, उमटला तर बॉलच्या फार जवळ उभे आहात, शाफ्टपासून लांबच्या टोकाकडे उमटला तर हात आखडताय. पावडर मारून तीस बॉल, प्रत्येकानंतर ठसा बघत. तेवढे पुरे. सरावात आधी अगदी बुटक्या टीवर, मग टी जमिनीत जवळजवळ पूर्ण दाबून आणि मग सपाटीवर अशा तीन पायऱ्या केल्या तर भीतीही जाते.

हायब्रिडबद्दल माझं भांडण नाही, माझ्या बॅगेतही एक आहे. रफमधून, म्हणजे उंच गवतातून, तो वूडपेक्षा सोपा जातो, शाफ्ट आखूड असल्याने दिशाही राखतो. पण वूडचं डोकं मोठं, वजन चेहऱ्यापासून मागे, त्यामुळे बॉल जास्त उंच जातो आणि ग्रीनवर हलका उतरतो. कालबाह्य म्हणाल तर डस्टिन जॉन्सनने नोव्हेंबर २०२० मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत सात नंबर वूड होता. जगातल्या सर्वात लांब मारणाऱ्यांपैकी एक माणूस तो! आणि त्याच स्पर्धेत १९३५ साली जीन सॅराझेन या खेळाडूने पंधराव्या होलवर २३५ यार्डांवरून चार नंबर वूडने बॉल थेट होलमध्ये घातला होता. तेव्हाच्या वूडचं डोकं खरोखर लाकडाचं होतं. ८५ वर्षांच्या अंतराने एकाच मैदानावर दोघांच्याही कामी वूडच आला.

नवीन मॉडेलचं एवढंच सांगते: आधी शाफ्ट बघा. आपल्याकडे कितीतरी बायका नवऱ्याच्या किंवा भावाच्या जुन्या सेटवर शिकतात. तो शाफ्ट कडक असतो, हळू स्विंगला वाकतच नाही. मऊ शाफ्टचा दहा वर्षं जुना वूड कडक शाफ्टच्या कोऱ्या वूडपेक्षा लाखपट बरा. आणि ग्रिप धुवा. मुंबईच्या दमट हवेत घामाने ती इतकी निसरडी होते की आपण नकळत मूठ आवळतो आणि हात आखडतात. कोमट पाणी, साबण, कोरडा पंचा.

वूड कधी मारू नये हेही असतंच. बॉल डिव्हटच्या, म्हणजे क्लबने उखडलेल्या गवताच्या, खड्ड्यात असेल, रफमध्ये अर्धा बुडाला असेल, तर नऊ नंबरचं आयर्न घेऊन बाहेर काढा. पावसाळ्यात बॉल साचलेल्या पाण्यात असेल किंवा फेअरवेवर स्वतःच्याच माराने मातीत रुतला असेल, तर नियम दंडाशिवाय बॉल उचलून ड्रॉप करायची (हातातून खाली सोडायची) मुभा देतात. ती घ्या आणि मग ठरवा. रुतलेल्या बॉलवर वूड मारून 'मला वूड जमत नाही' म्हणणाऱ्या किती जणी मी पाहिल्यात.

काकूंनी वूड परत बॅगेत टाकलाय. गेल्या शनिवारी आम्ही रेंजवर गेलो, पर्समध्ये खडू आणि पावडरचा छोटा डबा घेऊन. पहिले बारा बॉल रेघेच्या मागे. तेराव्याला रेघ शाबूत राहिली आणि चेहऱ्यावर गोल ठसा बरोबर मधोमध उमटला. मी पुसायला रुमाल पुढे केला तर काकूंनी क्लब मागे घेतला. "राहू दे," म्हणाल्या. ठशासकट कव्हर चढवलं आणि तसाच घरी नेला.