मापात बसणारी जागा

इंग्लंडमधल्या घरांच्या जाहिरातींत ‘कमोडियस’ हा जुनाट शब्द अजून अधूनमधून भेटतो. अर्थ ऐसपैस. त्याचं मूळ मात्र लॅटिनमधल्या ‘मोदुस’ म्हणजे मापात आहे. त्यावरून ‘कोम्मोदुस’: मापाला धरून असलेलं, म्हणून सोयीचं. इंग्रजीत आला तेव्हाही तो ‘उपयोगी, फायद्याचं’ याच अर्थानं वापरत. ऐसपैसपणा त्याला नंतर चिकटला. आपल्याकडचा कमोड याच कुळातला आणि ‘अकोमोडेशन’ही.

सोय आधी, आकार नंतर. मुंबईत पुनर्वसनाची फुकट घरं किती मोठी असावीत, या वादात नेमकं उलटं चालतं. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत २६९ चौरस फुटांचे ३०० झाले, धारावीत ३५० ठरले, बीडीडी चाळीतल्या १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचं घर. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर यावरून खडाजंगी होते. कुणी म्हणतं, फुकट पाचशे आणि आम्ही जन्मभर हप्ते भरायचे? मी राहायला लंडनला, म्हणून मग कुणीतरी हमखास माझ्याकडे वळतं: तुमचं बरं आहे, तिकडे प्रशस्त घरं!

कसली प्रशस्त? इथे भाव ठरतो तो मुख्यतः बेडरूम किती यावर. १९३०च्या दशकातल्या सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या, घरातली तिसरी बेडरूम बघा. तिला म्हणतात बॉक्स रूम. ती जिन्याच्या वर असते, त्यामुळे खाली जिना उतरताना डोकं आपटू नये म्हणून केलेला उंचवटा हिच्या कोपऱ्यात ओट्यासारखा घुसलेला असतो. साधा पलंग बसत नाही. सुताराकडून त्या ओट्यावर मापाचा बांधून घ्यावा लागतो. तरी जाहिरातीत ‘थ्री बेड’. या बाबतीत आपला रेरा सरस: कार्पेट एरिया म्हणजे काय, ते कायद्यातच लिहिलंय.

इंग्लंडमध्ये २०१५ साली नव्या घरांसाठी मापं ठरली. तीही सहसा त्या त्या कौन्सिलनं स्वीकारली तरच लागू, हा खास इथला घोळ. पण मापं वाचण्यासारखी आहेत. एकट्याच्या बेडरूमला निदान ७.५ चौरस मीटर आणि रुंदी २.१५ मीटर. दोघांच्या एक-बेडरूम फ्लॅटला ५० चौरस मीटर, म्हणजे साधारण ५३८ फूट, आणि त्यातच दीड चौरस मीटर सामान ठेवायला कपाटाची जागा. बीडीडीच्या घरापेक्षा हे मोठं, तेही दोनच माणसांसाठी!

म्हणून ५०० फूट जास्त झाले, हे मला अजिबात पटत नाही. पण भांडण तिथेच थांबतं, हेही पटत नाही. झोपुच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सूट मिळते. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत दोन इमारतींत तीन मीटरचं अंतर आहे. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागत असेल, तर तिथे आणखी पन्नास फूट वाढवून काय होणार? त्या ग्रुपवर मी हे लिहिलं. उत्तर आलं: तुला काय, तू लंडनला.