गाडी ज्यासाठी आवडते, बिलही त्याचंच येतं

सुपरकारचा विषय निघाला की भांडणाचे दोन ठरलेले गट पडतात. एका गटाला शून्य ते शंभर किती सेकंदांत आणि टॉप स्पीड किती, एवढंच हवं असतं. दुसऱ्याला लिलावात कितीला गेली ते. गाडी चालवायला कशी आहे आणि सांभाळायला कशी आहे, हे मात्र कुणी एका दमात बोलत नाही. जणू चालवणारा वेगळा आणि पोसणारा वेगळा!

आधीच सांगून टाकतो, यातली एकही गाडी माझ्या दारात नाही आणि येण्याची शक्यताही नाही. पण वर्षानुवर्षं मालकांचे अनुभव आणि मेकॅनिक लोकांच्या तक्रारी वाचून माझं एक मत पक्कं झालंय. इंजिनिअरच्या ज्या निर्णयामुळे गाडी चालवायला भन्नाट होते, त्याच निर्णयाचं बिल पुढे मालकाच्या हातात पडतं. त्यामुळे चालवण्याचे मार्क वेगळे आणि मालकीचे मार्क वेगळे, असं करताच येत नाही.

फेरारी एफ४० घ्या. १९८७ ची, कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारींच्या हयातीत त्यांच्या नजरेखालून गेलेली शेवटची. चारशेच बनवायच्या असं ठरलं होतं, बनल्या तेराशेच्या वर. आत बसलात तर दार उघडायला हँडल नाही, एक वायर आहे, ती ओढायची. गालिचा नाही, रेडिओ नाही. वजन वाचवायला रंगाचा थर इतका पातळ की उन्हात तिरकं पाहिलं तर खालचं कार्बन-केव्हलारचं विणकाम दिसतं. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, ब्रेकला जोर पुरवणारा सर्वोसुद्धा नाही. साडेतीन-चार हजार आरपीएमपर्यंत (म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे) गाडी शांत, आणि मग इंजिनात जादा हवा कोंबणारे दोन्ही टर्बो एकदम जागे होतात. ज्यांनी चालवलीय ते याच क्षणाबद्दल बोलत राहतात.

आता हिशोब. वजन कमी हवं म्हणून पेट्रोलची टाकी पत्र्याची नाही, रेसिंग कारसारखी रबरी पिशवीची. त्या पिशव्यांचं आयुष्य ठरलेलं असतं, साधारण दहा वर्षांनी बदलाव्याच लागतात. गाडी पाच किलोमीटर चालली असो की पन्नास हजार. मॅकलरेन एफ१ या सुपरकारमध्येही तेच, तिथे तर मुदत आणखी कमी. तुम्ही गाडीला हात न लावता नुसतं बघत बसलात तरी ती पिशवी म्हातारी होतेच.

माझ्या दृष्टीने या सगळ्या चर्चेतली सगळ्यात बोलकी गाडी म्हणजे पोर्शे कॅरेरा जीटी. २००३ ते २००६ मध्ये १२७० बनल्या. ५.७ लिटरचं व्ही१० (दहा सिलिंडरचं) इंजिन, मुळात रेसिंगसाठी आखलेलं, ताकद ६१२ पीएस, आरपीएमची लाल रेघ ८४०० वर. सहा गिअर, हाताने टाकायचे, आणि गिअरचा गोळा लाकडी. घसरणारी गाडी सावरणारा स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. पण खरी गंमत क्लचमध्ये आहे. सिरॅमिकच्या दोन प्लेटचा, व्यास फक्त १६९ मिलिमीटर. एवढा छोटा का? क्लच छोटा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जमिनीच्या आणखी जवळ बसवता येतात. शिवाय फिरणारं वजन इतकं कमी की पायाचा अंगठा हलला की आरपीएम उडालाच, आणि पाय उचलला की तितक्याच झटक्यात खाली. ज्या कारणासाठी लोक या गाडीवर जीव टाकतात ते हेच.

आणि याच क्लचमुळे ही गाडी सिग्नलला भल्याभल्यांची अब्रू काढते. आपल्याला सवय कशाची? थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, हाफ क्लच धरायचा आणि हळूच सोडायचा. इथे तसं केलंत की गाडी एक तर बंद पडणार, नाहीतर धक्का मारून उडी घेणार. इथली रीत म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. क्लच सावकाश सोडायचा, आयडलिंग सांभाळणारी यंत्रणा इंजिनला स्वतःच तेवढा दम देते आणि गाडी सरकते. शिकायला सोपं, पण पायाची आयुष्यभराची सवय मोडायची म्हणजे सोपं नाही. हाफ क्लचवर ट्रॅफिकमध्ये रेंगाळणाऱ्याचा क्लच जळतो, आणि तो बदलायचा खर्च बघून छोटी गाडी परवडली म्हणायची वेळ येते.

याच गाडीत टायरचा मुद्दा जिवाचा आहे. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात. २३०५ म्हणजे २००५ सालचा तेविसावा आठवडा. गाडी बघायला जाणारा माणूस आधी इंजिनचं झाकण उघडायला लावतो. माझं म्हणणं, आधी गुडघ्यावर बसा आणि हे आकडे वाचा. खोबणी नव्यासारखी दिसत असली तरी रबर आतून कडक झालेलं असतं. २०१३ मध्ये हॉलिवूडचा नट पॉल वॉकर ज्या अपघातात गेला ती कॅरेरा जीटीच होती. तपासात कारण वेग हेच ठरलं, पण टायर नऊ वर्षांचे होते याचीही नोंद झाली. पुढे या गाडीसाठी नव्या पिढीचे टायर आले आणि ज्यांनी ते बसवले त्यांचं म्हणणं, गाडीचा स्वभावच बदलला. म्हणजे ‘सगळं ओरिजिनल आहे’ हे वाक्य टायरच्या बाबतीत कौतुकाचं नाही, धोक्याचं आहे.

तरीही बाजार नेमकं उलटं शिकवतो. कुठलीही जुनी सुपरकार विकायला निघाली की पहिला प्रश्न, रनिंग किती? जितकं कमी तितका भाव जास्त. मालक मग वर्षातून एकदा गाडी सुरू करतो, दहा मिनिटं जागेवरच घुरघुरवतो आणि पुन्हा कव्हर टाकतो. यंत्राच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही. सील सुकतात, पेट्रोल जुनं होऊन डिंकासारखं बसतं, ब्रेक जाम होतात. नव्वदच्या दशकातल्या आणि दोन हजारच्या आसपासच्या इटालियन गाड्यांत तर आतल्या बटणांवरचा मऊ लेपसुद्धा काळाने वितळल्यासारखा चिकट होतो. बटण दाबलं की बोटाचा ठसा त्यावर राहतो आणि काळा डाग बोटावर. कमी चाललेली म्हणून चढा भाव देऊन घेतलेल्या गाडीत पहिल्या वर्षी हेच सगळं करत बसावं लागतं.

मला म्हणूनच रोवन अ‍ॅटकिन्सन (आपला ‘मिस्टर बीन’) हा माणूस मालक म्हणून फार आवडतो. मॅकलरेन एफ१ च्या एकूण १०६ गाड्या बनल्या, रस्त्यावर चालवायच्या फक्त ६४. मधोमध ड्रायव्हरची सीट, बीएमडब्ल्यूचं व्ही१२, उष्णता परतवायला इंजिनभोवती सोन्याचा वर्ख. बाकीच्यांनी जपून ठेवली, याने ४१ हजार मैल पळवली. दोनदा ठोकलीही. २०११ मधल्या दुसऱ्या अपघातानंतर दुरुस्तीचं बिल नऊ लाख पौंडांच्या वर गेलं, विमा कंपनीने भरलं. आणि २०१५ मध्ये विकली तेव्हा खरेदीच्या कितीतरी पट पैसे आले. आता कुणी म्हणेल, अशी किती जणांची विमा पॉलिसी असते? मान्य. पण ‘चालवली की किंमत गेली’ हे तुणतुणं निदान त्या गाडीपुढे तरी वाजवू नये.

पोर्शे ९५९ वर मात्र अन्याय झालाय असं मला कायम वाटतं. एफ४० च्याच काळातली, तीनशेच्या आसपास बनलेली. चारही चाकांना ताकद, एकामागून एक चालू होणारे दोन टर्बो, कमी-जास्त करता येणारी उंची, टायरमधली हवा सांगणारे सेन्सर, तेही ऐंशीच्या दशकात! १९८६ ची पॅरिस-डकार रॅली तिने जिंकली. तरी शेरा काय मिळाला? ‘जरा जास्तच सोपी आहे.’ पावसात एफ४० चालवणाऱ्याला हे वाक्य म्हणायला सांगा एकदा. मालकीच्या अंगाने मात्र ९५९ सोपी अजिबात नाही. ती सगळी हायड्रॉलिक यंत्रणा आता चाळिशीकडे चाललीय आणि तिच्यातलं कळणारे हात जगभरात मोजके. बिल गेट्सची ९५९ तिथल्या नियमांत बसत नाही म्हणून अमेरिकेच्या कस्टममध्ये वर्षानुवर्षं अडकून पडली होती. १९९९ मध्ये अशा गाड्यांसाठी वेगळा नियम आला, तोही वर्षाला अडीच हजार मैलांच्या मर्यादेसह. म्हणजे इथे कमी रनिंग सरकारनेच ठरवून दिलं.

फेरारी एफ५० बद्दल एवढंच, की तिचं इंजिन थेट कार्बनच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेलं आहे, मध्ये रबर नाही. कंबरेला, पाठीला सगळं जाणवतं. कुणाला ते संगीत वाटतं, कुणाला दोन तासांनी डोकेदुखी. लॅम्बोर्गिनी काउंटॅच मागे घ्यायची तर दार वर करून उंबऱ्यावर बसून मागे बघायचं. फोटोत फार देखणं दिसतं! फेरारीच्याच टेस्टारोसा आणि एफ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) बदलायला इंजिन उतरवावं लागतं, तेव्हा स्वस्तात मिळतेय म्हणून उडी मारण्याआधी बेल्ट कधी बदलला ते विचारा. आणि २०१३ च्या हायब्रिड त्रिकुटाबद्दल, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीची जोड असलेल्या फेरारीच्या लाफेरारी, मॅकलरेनच्या पी१ आणि पोर्शेच्या ९१८ बद्दल, मला थोडी धास्तीच आहे. चालवायला तिन्ही अचाट असतील, पण बॅटरी म्हातारी होणारच, आणि तिला मिस्त्रीच्या हातचा जुगाड चालणार नाही.

या सगळ्यात होंडा एनएसएक्स कुठे बसते? १९९० ची, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, व्ही६, काचा मोठ्या, चारही बाजूंचं दिसतं. फॉर्म्युला वनचा जगज्जेता आयर्टन सेना याने जपानच्या सुझुका ट्रॅकवर चालवून सूचना दिलेल्या. बेल्टसाठी इंजिन उतरवायची गरज नाही. पंधरा वर्षांत अठरा हजारांच्या आसपास बनल्या म्हणून काही संग्राहक नाक मुरडतात. ज्याने मॅकलरेन एफ१ घडवली तो गॉर्डन मरे स्वतः कित्येक वर्षं एनएसएक्स वापरत होता आणि एफ१ चा सस्पेन्शन कसा असावा याचा नमुना म्हणून त्याने तिच्याकडेच पाहिलं. नाक मुरडणाऱ्यांनी त्याच्याशी वाद घालावा.

‘मग तू कुठली घेशील?’ हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच उत्तर देतो. कॅरेरा जीटी. पण शोरूमच्या काचेआडची, चारशे किलोमीटर चाललेली नको. पन्नास हजार किलोमीटर झालेली, पुढच्या बंपरवर खड्यांचे टवके उडालेली, क्लच एकदा बदललेला, टायर गेल्या दोन वर्षांतले आणि बिलांची फाईल हाताच्या पंज्याएवढी जाड. ९५९ वाल्यांनी खुशाल भांडावं, मी तयार आहे.