‘शंभरातले नव्वद बिघाड मालकाच्या चुकीनं’ म्हणे! एका फॉरवर्डला उद्यमनगरातून उत्तर

गेले महिनाभर एक मेसेज कोल्हापुरात फिरतोय. गल्लीच्या ग्रुपवर आला, तालमीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला आणि शेवटी आमच्या मामांनी मला वेगळा पाठवला, खाली ‘वाच आणि सुधार’ असं लिहून. मेसेज म्हणतो, चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या एका मिस्त्रीचा हा अनुभव आहे. शंभरातले नव्वद बिघाड मालकाच्या चुकीनं होतात. पुढचे सात नियम पाळा, गॅरेजची पायरी चढावी लागणार नाही.

नियम असे: उन्हाळ्यात टाकी फुल्ल करू नका, स्फोट होतो. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते, हा कंपन्यांचा धंदा आहे, साधं पाणी घाला. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं. उन्हाळ्यात टायरची हवा पाच पॉइंट कमी ठेवा. रोज सकाळी इंजिन सुरू करून गाडी पाच मिनिटं जागेवर उभी ठेवा. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं मायलेज निम्मं होतं आणि इंजिन जाम होतं, म्हणून टाकीत थोडं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल टाका. आणि पुरात गाडी बुडाली तर पाणी ओसरल्या ओसरल्या स्टार्टर मारून इंजिन सुकवा.

मी मिस्त्री नाही. उद्यमनगरातल्या एका मशिन शॉपमध्ये ब्रेक ड्रम आणि हाउसिंगची कास्टिंगं तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. घरी दहा वर्षांची हॅचबॅक आहे, तिनं मला बरंच शिकवलंय आणि फीसुद्धा भरपूर घेतलीय.

आधी त्या नव्वद टक्क्यांचं बघू. आकडा कुठून आला ते मेसेजमध्ये नाही. गाडीतले काही भाग झिजण्यासाठीच असतात: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचं रबर, बॅटरी. साधी लेड-अॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते, मालक कितीही देवमाणूस असला तरी. उन्हाळ्याच्या तापानं ती आतून खचत जाते आणि डिसेंबरच्या पहिल्या गारठ्यात सकाळी आठला, पोराची शाळा गाठायची असते तेव्हा, मान टाकते. पावसाळा संपता संपता फुलेवाडीतून बालिंग्याकडं एकदा गाडी घालून बघा. चाकांच्या सस्पेन्शनचा लिंक रॉड खडखडतो, लोअर आर्मचे बुश जातात, शॉकअपमधून तेल झिरपायला लागतं. ते खड्डे काय मालकानं खणले? क्लचचं मात्र मान्य करतो. कावळा नाक्याला सिग्नल लागला की पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून गाडी मागं-पुढं हलवत उभं राहायची आपल्याला खोड आहे, आणि प्लेट त्यातच जळते. ते पाप आपल्याच डाव्या पायाचं.

पण बिघाड झाला की मालकाला आधी गुन्हेगार ठरवायचं, यात दुसराच तोटा आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीला चावी फिरवली की नुसतं टिक-टिक-टिक व्हायचं. एका गॅरेजात नेली. बॉनेट न उघडताच निदान झालं, ‘स्टार्टर गेला, तुम्ही सेल फार मारता.’ साडेसात हजारांचा अंदाज. चूक आपलीच म्हटल्यावर माणूस घासाघीससुद्धा करत नाही. मी गाडी ढकलस्टार्ट करून घरी आणली आणि बॅटरी बघितली. टर्मिनलवर हिरवट-पांढऱ्या भुकटीचा थर होता. टिक-टिक याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरचा स्विच, ओढला जातोय, पण मोटर फिरवायला करंट पोहोचत नाही. कपभर गरम पाणी, जुना टूथब्रश आणि दहाचा पाना. गाडी चालू झाली, ती आजतागायत त्याच स्टार्टरवर आहे. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असू द्यावा. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात, इंजिन चालू असताना साधारण १४. इंजिन चालू असूनही आकडा १३च्या खाली राहत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी तिला चार्ज करणारा अल्टरनेटर बघायचा. आणि पार्ट बदललाच तर जुना मागून घ्यायचा. लाजायचं काही कारण नाही, पैसे आपण मोजलेत.

आता नियम. टाकी फुल्ल केल्यानं स्फोट होतो हा मेसेज जुना आहे, इंडियन ऑइलच्या नावानं फिरायचा आणि कंपनीनं तो खोटा असल्याचं जाहीर केलंय. ठिणगीशिवाय पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. आपला उन्हाळा चाळिशीला टेकतो. पेट्रोल तापलं की फुगतं हे खरं, पण किती? एका अंशाला हजारात एक भाग. ३५ लिटरची टाकी १५ अंशांनी तापली तर अर्धा लिटर वाढेल. तेवढी जागा टाकीत मुद्दाम मोकळी सोडलेली असते, आणि पंपाचा नोझल ‘टक्’ करून आपोआप बंद होतो तो त्याच हिशेबानं.

खरी गडबड त्या ‘टक्’च्या पुढं होते. पंपावर १९८७ रुपये झाले की पोरगा विचारतो, ‘दोन हजार करू का?’ आणि आपणही मान डोलावतो. ते जास्तीचं पेट्रोल टाकीच्या गळ्यातून कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये उतरू शकतं. तो डबा पेट्रोलची वाफ शोषायला असतो, पेट्रोल प्यायला नाही. मग पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही, वास येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. राउंड फिगरचा सोस सोडला तर टाकी बिनधास्त फुल्ल करा. आणि उन्हाळ्यात गाड्या पेटतात त्याचं काय? तिथं माझा पहिला संशय वायरिंगवर असतो. मोठे हॉर्न, जादा दिवे, म्युझिक सिस्टिम, सगळं मूळ वायर सोलून, वर टेप गुंडाळून, मधे फ्यूज न घालता जोडलेलं.

कूलंटवर मी जरा जास्त बोलणार, कारण ते माझ्या धंद्याचं आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथं उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना नाही, ९८च्या आसपासच उकळतं. कूलंटमधलं ग्लायकोल आणि रेडिएटरच्या झाकणानं धरलेला दाब मिळून हा उकळबिंदू बराच वर नेतात. पण त्याहून मोठं काम गंजाचं आहे. बऱ्याच इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अॅल्युमिनियमचं, मधून पाणी खेळणार. दोन वेगळे धातू आणि साधं पाणी एकत्र आले की काय होतं ते मी कापलेल्या जुन्या ब्लॉकमध्ये डोळ्यांनी बघितलंय: पाण्याच्या वाटा तांबड्या चिखलानं बुजलेल्या. त्यात आपल्याकडं घरोघरी बोअर. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मग तापमानाचा काटा वर चढतो, ब्लॉक आणि हेडमधलं गॅस्केट उडतं, ऑइल दुधाळ होतं आणि बिल पाच आकडी होतं. रस्त्यात अडकलात, दुसरा इलाज नाही, तर पाणी घालून घर गाठा. त्याला कोणी नाही म्हणत नाही. नंतर ते काढून, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच कूलंट भरा.

याच पठडीतला दुसरा सल्ला मेसेजमध्ये नाही, पण गॅरेजात हमखास मिळतो: ‘थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू, गाडी गार राहील.’ गार राहतेच. इतकी की इंजिनला हवा तो ताप कधी येतच नाही, गाडीतला कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो आणि आपण पंपवाल्याला शिव्या घालतो.

न्यूट्रलचा नियम या सगळ्यात वाईट. बाकीचे नियम गाडी बिघडवतील, हा माणूस मारेल. आणि मूळ दावाच उलटा आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात, म्हणून कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळायला लागतं. म्हणजे वाचवायला जाऊन खर्च होतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यात या नियमाला थोडाफार अर्थ असेल, पण तेव्हाही ब्रेक तेवढेच तापायचे.

एकदा आम्ही चौघं गगनबावड्याहून करूळ घाटानं वैभववाडीला उतरत होतो. चालवणारा मित्र न्यूट्रलवाला. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला. त्यानं वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल भाकरीच्या पिठात पाय रुतावा तसं मऊ लागलं. तापलेलं ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात, ब्रेक नाही. जुनं, ओल धरलेलं ब्रेक ऑइल तर आणखी लवकर उकळतं. त्यानं कसाबसा तिसरा, मग दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी घासत थांबवली. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे एसटीच्या ड्रायव्हरला विचारा, तो झोपेतही सांगेल. काही बहाद्दर उतारावर इंजिनच बंद करतात. एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक लाकडासारखा कडक होतो, आणि चावी पूर्ण मागं फिरली तर स्टिअरिंग लॉक. करूळ, आंबा, फोंडा, आंबोली. यातल्या कुठल्याही घाटात हा प्रयोग नको.

टायरची हवा कमी करण्याचा सल्लाही असाच उफराटा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त मुडपते, मुडपून तापते आणि तापूनच फुटते. उन्हानं हवा वाढते ती कंपनीनं आधीच धरलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, टायर थंड असताना त्यावरचा आकडा ठेवा. त्यापेक्षा टायरचं वय बघा. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नायट्रोजनचं विचाराल, तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

पाच मिनिटं इंजिन तापवणं: चोक ओढायच्या गाड्या गेल्या, ते कामही गेलं. अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन किलोमीटर सावकाश चालवा. ‘जुन्या गाड्या कशा टिकायच्या’ म्हणणाऱ्यांना दसरा चौकात येणारी कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दाखवतो. दसऱ्याला तिला बघायला आपण सगळेच मान उंच करतो. तेवढ्या लाडात ठेवली तर माझी हॅचबॅकही टिकेल.

ई-२०च्या मुद्द्यात मात्र दम आहे, म्हणून तो झटकून टाकत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. पाचातला एक भाग इथेनॉल घातला तर एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट सांगितलीय, ई-१०साठी (दहा टक्के इथेनॉल) बनवून ई-२०ला जुळवलेल्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के. म्हणजे लिटरला १८ देणारी जुनी गाडी १७च्या खाली जाऊ शकते. नऊवर येत नाही. नऊवर आली असेल तर इथेनॉलच्या नावानं खडे न फोडता एअर फिल्टर, प्लग आणि चिकटलेले ब्रेक तपासा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२०ला चालतील असे आहेत. त्याआधीच्या गाड्यांत रबराच्या नळ्या, सील यांवर लक्ष ठेवावं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवू नये.

टू-टी ऑइल मात्र नको. ते चारस्ट्रोक इंजिनात जळून धूर होतो आणि सायलेन्सरकडच्या ऑक्सिजन सेन्सरवर, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो. ते दोन्ही बदलायला लागले तर इथेनॉलनं खाल्लेलं मायलेज परवडलं म्हणाल. माझी खरी तक्रार वेगळीच आहे: जुन्या गाडीवाल्याला पंपावर निवडच ठेवलेली नाही. ही तक्रार कोल्हापुरात मोठ्यानं करता येत नाही, कारण टाकीतल्या त्या इथेनॉलात आपलाही ऊस असतो. माझ्या सासुरवाडीत हा विषय काढला की जेवण गार होतं.

राहता राहिला पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ला धोका, हे इथल्या पोरालाही पाठ. २०१९ आणि २०२१ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या बाजूला गाड्या छतापर्यंत बुडालेल्या आपण पाहिल्यात. अशा गाडीला स्टार्टर मारणं म्हणजे उरलंसुरलं इंजिन स्वतःच्या हातानं मारणं. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्यायला लावा. यात पैशाचाही मुद्दा आहे. फुल इन्शुरन्समध्ये पुराचं नुकसान धरतात, पण बुडालेली गाडी सुरू करायला जाऊन इंजिन गेलं आणि इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर नसेल, तर तो खर्च सहसा मालकाच्याच गळ्यात पडतो.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अरे, पण मी गेली तीन वर्षं बोअरचंच पाणी घालतोय, काही झालं नाही.’ काटा कुठं असतो विचारलं तर म्हणाले, हल्ली जरा वरच असतो. रविवारी रेडिएटर धुवायला जायचं ठरलंय. तोवर गरम गाडीचं झाकण अजिबात उघडू नका, एवढं तीनदा बजावलंय.