गुपित सरकारचं, म्हणून फोडायची मुभा?

सध्या नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘गुपित सरकारचं, फोडणारं सरकार, मग गुन्हा कसला? अमेरिकेत एवढी चौकशी झाली, निघालं काय? उलट पत्रकारच अडकले.’ खाली अंगठ्यांची रांग.

पहिलंच वाक्य घ्या. १५ डिसेंबर २०२४ ला आपल्याच राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, पदाची आणि गोपनीयतेची. मंत्री म्हणून समोर आलेली बाब, कर्तव्यासाठी लागेल तेवढी सोडून, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कोणाला सांगणार नाही, असा या दुसऱ्या शपथेचा अर्थ. विरोधकाची जिरवणं कोणत्या कर्तव्यात बसतं बाप्पा? कागद खुला करायचा तर फाइलवर तसा निर्णय घ्या, सभागृहात ठेवा, खाली सही करा. कानात सांगून ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ छापून आणायचं, याला खुलं करणं म्हणत नाहीत.

‘निघालं काय?’ बरंच निघालं. २००३ मध्ये इराक युद्धाच्या कारणांवर जाहीर शंका घेणाऱ्या एका माजी राजदूताच्या पत्नी, व्हॅलरी प्लेम, सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेत आहेत हे गुपित वर्तमानपत्रात आलं. विशेष सरकारी वकील पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांनी तपास केला आणि उपाध्यक्ष चेनींचे चीफ ऑफ स्टाफ लिबी २००७ मध्ये दोषी ठरले. खोटी साक्ष आणि तपासात अडथळा यासाठी, गुपित फोडल्याबद्दल नव्हे, हे मान्य. ते छापणाऱ्या स्तंभलेखकाला ती माहिती देणाऱ्या तेव्हाच्या परराष्ट्र उपमंत्री आर्मिटेज यांच्यावर तर खटलाच झाला नाही. बुश यांनी लिबींचा तुरुंगवास रद्द केला, ट्रम्प यांनी २०१८ मध्ये माफी देऊन टाकली. पण युद्धाची बाजू सावरायला गुप्त अहवालातला सोयीचा भाग पत्रकाराला देण्याची मुभा वरूनच आली होती, हे लिबींच्याच साक्षीतून कळलं. तपास नसता तर ती साक्षही नसती.

पत्रकार अडकतात, हे मात्र सोळा आणे खरं. याच प्रकरणात सूत्राचं नाव सांगायला नकार दिला म्हणून पत्रकार जुडिथ मिलर ८५ दिवस तुरुंगात होत्या. म्हणून तर चौकशीचा रोख फाइल हाताळणाऱ्यांवर हवा. फाइल कोणाकोणाच्या टेबलावर गेली, खुली करायची परवानगी कोणी दिली आणि ती बातमीच्या आधीची की नंतरची, एवढं आधी तपासा.

आपल्याकडची गोम निराळीच आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात, कलम १३(३) नुसार, सरकारच्या आदेशाने किंवा अधिकाराने तक्रार झाल्याशिवाय न्यायालय दखलच घेत नाही. त्याच कायद्याखाली वर्ध्यात एका माणसावर गुन्हा नोंदवला गेला होता, पोलीस ठाण्यात मोबाइलवर व्हिडिओ काढला म्हणून! पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं सांगत २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. साध्या माणसाला त्यासाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. मंत्र्याच्या दालनातून फाइलचा फोटो बाहेर गेला, तर तक्रारीचा अधिकार मागायचा तो त्याच्याच सरकारकडे.